महारुद्राचं जहाज आणि माझी गिरणी

दिवसभर मोटारीच्या धडधडीत बसून गिरणीवाले लोक कानानं अधू होतात. माझं उलट झालं. धडधडीत लोकांचे ओठ बघून बोलणं ओळखायची अशी सवय लागली, की गिरणी बंद असली की गल्लीतलं बोलणं मला जरा जास्तच स्पष्ट कळतं. माझ्या बायकोच्या, सविताच्या मते हा आजार आहे. असू द्या. या आजारामुळंच नर्मदाबाईच्या महारुद्रावर सगळ्या मानवत गावात पहिला संशय घ्यायचा मान मला मिळाला.

नर्मदाबाईचं घर आणि माझी पिठाची गिरणी यांच्यात एकच भिंत. खाली मायलेकांचं स्वयंपाकघर आणि ओसरी, वर पत्र्याची एक खोली, आणि त्या खोलीची खिडकी नेमकी माझ्या दारावर. महारुद्र तिशी ओलांडलेला. जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. दसऱ्याच्या सुमाराला कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. उलंगवाडी झाली, शेतातला कापूस संपला, की पुढच्या दसऱ्यापर्यंत घरी. बोलणं इतकं कमी की ‘जेवलास का’ विचारलं तर ‘व्हय’ म्हणेल, पण काय जेवलास हे मला त्याच्या आईलाच विचारावं लागतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात काटा बंद झाला आणि एका सकाळी तो गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला.

“काका, गिरणी लावायच्या आदी एक हाक मारत जा.”

“कामून रे? दळण हाय का?”

“न्हाई. हाक मारत जा फकस्त.”

आणि गेला.

आता ज्याला दळण नाही त्याला गिरणीची वेळ कशाला पाहिजे? माझ्या धडधडीत त्याला कसला तरी आवाज लपवायचा असेल, नाहीतर धडधड नसताना कसला तरी आवाज ऐकायचा असेल. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही बाजूंनी मला संशयच आला. त्यात त्यानं खिडकीला जाड चादर लावली. वैशाखात पत्र्याखाली आमच्याकडं मांजरसुद्धा थांबत नाही. सगळी गल्ली लिंबाच्या सावलीला येऊन बसते. आणि हा बाबा भर दुपारी चादर ओढून आत.

दळणाच्या रांगेतल्या बायकांनी लगेच आपापलं मत दिलं. एकीला गुप्तधनाची शंका, एकीला परजातीतल्या पोरीची. पण बहुतेकांचा कौल पत्त्यांवर पडला. मोबाईलवरच्या पत्त्यांच्या जुगारात ज्यांच्या घरची मोटारसायकल गेलेली, त्यांना दुसरं काही सुचणार तरी कसं? मी कुणाच्याच मताला नाही म्हटलं नाही. गिऱ्हाईक आहे.

मग एके दिवशी मी मुद्दाम हाक न मारता स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मोटार उचल घेताना आमच्या गल्लीतला प्रत्येक दिवा एकदा मान टाकतो, हे जुनं आहे. पण त्या दिवशी वरून “अर्रर्र!” असा आवाज आला, एखाद्याच्या हातून दुधाची घागर सुटावी तसा. थोड्या वेळानं महारुद्र खाली आला. रागावला नाही. पडक्या चेहऱ्यानं एवढंच म्हणाला, “काका, जमीन पायाखाली आल्ती बगा. आन् अंधार झाला.”

कसली जमीन? मानवतमध्ये यानं जमीन घेतली आणि मला खबर नाही? सविता म्हणाली, “जा, इचारा आन् मोकळे व्हा, न्हाईतर रातभर कूस बदलत बसताल.” मी नर्मदाबाईच्या पिठाचा डबा उचलला आणि डबा पोचवायच्या निमित्तानं थेट जिन्यानं वर गेलो.

आत उकाडा म्हणजे कणीस भाजून निघावं. टेबलावर परभणीहून आणलेला जुना कॉम्प्युटर, समोर उघड्या अंगाचा महारुद्र, कानाला हेडफोन. पडदा काळा आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके. मला वाटलं, काच पुसायची राहिली.

“काय हाय हे?”

“जहाज.”

“कुठं हाय जहाज?”

“आपण आत बसलोय.”

आपण म्हणजे मला न विचारताच यानं मलाही बसवून घेतलं होतं.

“कुठं चाललंय?”

“लांब.”

“सोबत कोण?”

“कुणी न्हाई.”

“मग मारामारी कुणासंगं?”

“मारामारी न्हाई.”

“पैसे?”

“न्हाई.”

“मग करायलास काय, लेका?”

“जायलोय.”

मी पाटावर बसलो आणि बघत राहिलो. एक ठिपका मोठा होत होत सूर्याएवढा झाला, खोली पिवळीधमक झाली, यानं जहाज वळवलं, खोली पुन्हा काळी. मग दुसरा ठिपका. कुणी मेलं नाही, कुणी जिंकलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. आंघोळीचं पाणी तापतानासुद्धा काहीतरी घडतं. इथं ते पण नाही. हळूहळू, एकेक शब्द चिमट्यानं उपटावा तसा मी त्याच्याकडून उलगडा काढला.

हा खेळ इंटरनेटवरचा. जगभरचे लोक त्यात आपापली जहाजं घेऊन असतात. बहुतेक सगळे अंतराळातल्या ठाण्यांच्या आसपास राहतात. तिथं व्यापार असतो, भांडणं असतात, एकूण आमच्या मोंढ्याच्या बाजारासारखंच. महारुद्रानं मात्र उलंगवाडीनंतर त्या सगळ्यांकडं पाठ केली आणि जिकडं कुणी गेलं नाही तिकडं निघाला. तारे इतके की बहुतेकांजवळ आजवर एकही खेळाडू पोचलेला नाही. जो पहिला जाईल त्याचं नाव त्या ताऱ्यापुढं लागतं. पण एक मेख आहे. नाव जाऊन लागत नाही, परत येऊन लागतं. जहाज सुखरूप ठाण्यावर आणायचं, काय काय बघितलं ते तिथं सांगायचं, मग नाव. वाटेत जहाज आपटलं की सगळं गेलं, जणू गेलाच नव्हता. आणि कॉम्प्युटरची बॅटरी फुगून मेलेली असल्यामुळं, उतरताना माझ्या गिरणीनं झटका दिला की जहाज आपटलंच.

“मग हे सगळं कामून करायचं?”

महारुद्रानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं.

“काका, घरातून निघालं की तुमी इचारता, कुठं चाललास. कोपऱ्यावर पानवाला इचारतो. स्टँडवर तर वळख नसलेला बी इचारतो. तिकडं कुणीच इचारत न्हाई.”

मला ते जरा टोचलं. म्हणून मी विचारलं, “बरं, मग आता इथून पुढं कुठं चाललास?”

तो हसला आणि हेडफोन कानावर घेतला.

खाली येताना माझा संशय कमी व्हायला पाहिजे होता. तो वाढला. दारूत नशा आहे, पत्त्यांत पैसा आहे, पोरीत पोरगी आहे. ज्यात काहीच नाही, त्यात एवढा धट्टाकट्टा माणूस महिनोन्महिने घाम गाळत बसतो? म्हणजे मी गेलो तेव्हा त्यानं पत्ते बाजूला केले आणि मला ठिपके दाखवले, हेच खरं. मी हुशार माणूस आहे. मला असं सहजासहजी फसवता येत नाही.

पोळा झाला आणि नर्मदाबाई गिरणीत आल्या. पालमहून स्थळ आलं होतं. मुलगी राजेश्री, तिथं औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळते, शिकलेली, शांत. सीझनपुरती नोकरी ऐकून सेलूचे लोक आधीच फिरले होते. आमच्याकडं आता सरकारी पगार नाही तर पोरगी नाही, असं झालंय. हे स्थळ गेलं तर नर्मदाबाईला पुढं अंधार दिसत होता.

“रंगनाथभाऊ, चौकशीला कुणी आलं तर नीट बोला. तुमच्या तोंडाला हात जोडते.”

“वहिनी, काळजीच करू नका. चौकशीवाला मला वासानं कळतो.”

आणि कळतोच. आमच्याकडं सोयरीक जमवताना मुलीकडचा माणूस आधी गुपचूप शेजारी येतो. कधी म्हैस बघायला, कधी भाड्याची खोली विचारायला. म्हशीचं दूध किती ते विचारता विचारता, ‘शेजारी कोण राहतं हो’ वर येतो. शेजाऱ्यानंही आपल्याला काही कळलंच नाही असं दाखवून सगळं सांगायचं. दोन्हीकडून सोंग, पण सगळा व्यवहार त्यावरच चालतो.

तर एका सकाळी मोटारसायकलवर पांढरा गमछावाला एक माणूस आला. “या गल्लीत प्लॉट हाय का हो इकायला?” मी मनातल्या मनात हसलो. सविताला चहा टाकायला लावला, त्याला खुर्ची दिली आणि महारुद्राचं असं वर्णन केलं की स्वतः महारुद्रालाही तो माणूस ओळखता आला नसता. सुपारीचं खांडही खात नाही, आईला देव मानतो, मान वर करून बघत नाही.

“ते झालं,” तो म्हणाला, “पण प्लॉट?”

“समजलं, समजलं!” मी डोळा मारला.

तो चहा अर्धा ठेवून गेला. मी विजयानं गिरणीत आलो. रांगेत एक पाहुणी बाई बसली होती, लेकीकडं आलेय म्हणाली. मांडीवर गव्हाची कापडी पिशवी. चेहरा गोड, हसायला तयार. अशी श्रोती रोज मिळत नाही.

“दादा, वर चादर कामून लावलीय हो भर दिवसाची?”

दिवसभराचं चांगलं वागणं माझं सकाळीच संपलं होतं. मी सुटलो. पोरगा उन्हाळ्यापासून जहाज घेऊन निघालाय, एकटाच, अजून पोचला नाही. पैसा मिळत नाही म्हणतो, मारामारी नाही म्हणतो. बाई पदर तोंडाला लावून हसली. तिला हसताना बघून मी पुढची पायरी चढलो.

“ताई, मला इचाराल तर चादरीआड पत्तेच हायेत. जहाज नुसतं दाखवायला.”

“असंल बाई, असंल,” ती म्हणाली, पीठ घेतलं आणि गेली.

पुढच्या बाजाराला मध्यस्थाचा निरोप आला. पालमवाल्यांनी हात आखडता घेतला होता. पोरगा चादरीआड पत्ते खेळतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

नर्मदाबाई गिरणीच्या दारात उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत, हे जास्त वाईट. “भाऊ, चादरीआड, हा शब्द कुणाचा?”

“वहिनी, आईशप्पथ, त्या गमछावाल्याला मी तुमच्या पोराची आरती ओवाळली!”

“तो पाथरीचा व्यापारी,” सविता पिठाचा हात झटकत म्हणाली. “कोपऱ्यावरच्या प्लॉटाचा इसार दिऊन गेलाय. चौकशीवाली ती पिशवीवाली व्हती. पोरीची आत्या असंल.”

“तुला कसं कळलं?”

“पिशवीवर पालमच्या कापड दुकानाचं नाव छापलंय. मी वाचलं की.”

“मग तवाच सांगायचं न्हाई?”

“तुमी बोलायचं थांबलात कधी?”

नर्मदाबाईनं मध्यस्थाला एकच निरोप धाडला: ऐकलेलं सोडा, स्वतः येऊन डोळ्यांनी बघा. पोराला त्यांनी विचारलंही नाही. महारुद्रानं जहाज परतीला लावलं होतं, दसऱ्याला काटा सुरू व्हायच्या आत ठाणं गाठायचं म्हणून. रोज अंगणात तोंड धुताना मी विचारायचो, “कुठवर आलास?” आणि तो बोटांनी चिमटीएवढं अंतर दाखवायचा.

पालमवाले रविवारी येतो म्हणाले आणि शुक्रवारीच दुपारी उतरले. यालाही आमच्याकडं चौकशीच म्हणतात. मुलीचे वडील परमेश्वरराव, पांढरे कपडे, कपाळाला आठी. मागं ती आत्या, कुसुमबाई. मला बघून अशी गोड हसली की मी डोक्याचा रुमाल तोंडावर ओढला. आणि तिच्या मागं स्वतः राजेश्री. घर बघायला मुलगी आली, हे आमच्या गल्लीनं पहिल्यांदा बघितलं. लाईट येऊन घटकाभर झाली होती, गिरणीत डबे साचले होते. पण असा प्रसंग सोडून मी गहू बघत बसणार? मीही मागोमाग जिना चढलो.

परमेश्वररावांनी आल्या आल्या चादर ओढून काढली. उजेड आत घुसला. महारुद्र दचकून उठला, शर्ट घातला, सगळ्यांना नमस्कार केला आणि पुन्हा बसला. पुन्हा बसला! नर्मदाबाईनं कपाळाला हात लावला. पडद्यावर ठिपके नव्हते. एक मोठं गरगरतं ठाणं होतं आणि त्याचं दार हळूहळू जवळ येत होतं.

“बंद करा ते,” परमेश्वरराव म्हणाले.

“मामा, जरा थांबा. उतरू द्या. उतरलं की बंद करतो.”

“बघा! दारुडा बी असंच म्हणतो, एवढा गिलास हू द्या. आत्ता बंद करा, न्हाईतर आमी निघालो.”

“कर की रे बंद,” नर्मदाबाईचा आवाज फुटला. “कशाचं ठाणं न कशाचं काय!”

महारुद्राच्या हातावरच्या शिरा ताठल्या होत्या. “आई, उन्हाळ्यापासून निघालोय. आता दारात आलोय.”

तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, “रंगनाथ, लाईट आलीय! लाव की गिरणी, का आमीच लावू?”

महारुद्राची मान झटक्यानं माझ्याकडं वळली. राजेश्रीनं ते बघितलं. इतका वेळ ती काउंटरवर डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तशी खोली वाचत होती.

“काका, गिरणी लावली की काय व्हतंय?”

“झटका बसतोय. हे बंद पडतंय. उतरताना पडलं की जहाज आपटतंय, आन् सगळं जातंय.”

“मग तुमी इथं काय करायलात? जा की खाली!”

असल्या वेळी मला खोलीबाहेर काढणारी ही पहिलीच बाई. पण आवाज असा होता की पाय आपोआप जिन्याकडं वळले. खाली येऊन बघतो तर शेवटच्या डब्यावाल्याचं बोट हिरव्या बटणावर. मी त्याला ढकललं आणि स्टार्टरला पाठ लावून उभा राहिलो. रांग कावली. “बायका ताटकळल्यात, रंगनाथ!” “पोरं शाळंतून येतील!” मी हललो नाही. आणि वर काय चाललंय याचा एक शब्द ऐकू येत नव्हता. गिरणी बंद, कान शाबूत, पण रांगेतले लोक बोलायचे थांबतील तर ना! जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, लोकांनी गप्प बसावं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग कुसुमबाई हसल्यासारखी वाटली, पण तिचं हसणं म्हणजे काय, याचा मला अनुभव आला होता. बऱ्याच वेळानं पावलं वाजली. परमेश्वरराव माझ्याकडं न बघता गेले. कपाळावरची आठी होती की नव्हती, हेही उन्हात नीट दिसलं नाही. राजेश्री मात्र गिरणीच्या दारात थांबली. पिठानं पांढरा झालेला मी, पाठीशी स्टार्टर.

“आता लावा गिरणी,” ती म्हणाली आणि गाडीत बसली.

दसऱ्याला सुपारी फुटली. कापसाचा सीझन संपल्यावर लग्न झालं. पण त्या खोलीत काय झालं, हे मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही. नर्मदाबाई म्हणतात, पोरीनं पाट ओढला आणि बापाला म्हणाली, ‘तुमी बसा, मी बघते’. परमेश्वररावांनी जहाज उतरल्यावर सगळीकडं बघितलं म्हणे, पत्त्यातले राजा-राणी कुठं लपलेत का, कुठं रुपया वाजतोय का. काही सापडलं नाही. “यात मिळालं काय?” “काय न्हाई. नाव लागलं.” मग महारुद्रानं कुणी न सांगता कॉम्प्युटरची पिन भिंतीतून उपटली आणि हात जोडून उभा राहिला. राजेश्रीनं सविताला पुढं कधीतरी सांगितलं, “काकू, काउंटरवर रोज बगते मी. नादवाला माणूस ‘आता बस’ म्हणतो, पण थांबत न्हाई. ह्यो म्हणाला, उतरलं की बंद करतो. उतरलं, आन् केलं.”

हे सगळं ठीक. पण माझं समाधान होत नाही. एवढ्यावर कुणी लग्न करतं का? त्या आत्यानं आणखी काहीतरी शोधून काढलेलं असणार, आणि ते मलाच तेवढं सांगायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं असणार.

आणि आता तर मामला जास्तच गडद झालाय. यंदा उलंगवाडी झाली आणि खिडकीला पुन्हा चादर लागली. नवी, फुलाफुलांची. राजेश्री पालमची नोकरी सोडून इथल्याच एका औषधाच्या दुकानात लागली आहे. सुट्टीच्या दुपारी दोघंही आत असतात. कधी हसण्याचा आवाज येतो, कधी ‘डावीकडं, डावीकडं’ असा. जाणारा आधी एकटा होता, तेव्हा माझा संशय एकपट होता. आता हिशेब तुम्हीच करा.

परवा खिडकीची चादर सरली आणि तिनं वरून हाक मारली, “काका, इतक्यात गिरणी लावू नका हं! उतरायलोय.”

मी डोक्याचा रुमाल सोडून वर बघितलं. “आता कुठं निघालात गं, दोघं?”

ती खिडकीत कोपरं टेकून हसली. तिच्या मागं, अंधारात, महारुद्रही हसला.

“सांगितलं तर तुमी आमच्या आदी पोचताल,” ती म्हणाली आणि चादर ओढून घेतली.